उतारवयातला मायस्थेनिया ग्रेव्हिस: ओळखायचा कसा, घरी सांभाळायचा कसा

सकाळी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारे आजोबा रात्रीच्या बातम्या मात्र एक डोळा हाताने झाकून बघतात. जेवताना पहिली भाकरी व्यवस्थित जाते, दुसरीला जबडा दमतो आणि हनुवटीखाली हात धरून चावावं लागतं. संध्याकाळी फोनवर आवाज नाकात जातो. पलीकडच्या मुलीला वाटतं, रेंज नाही. घरात या सगळ्याला एकच उत्तर तयार असतं: वय झालं.

वय झालं असेल तर ते सकाळीही झालेलं असतं. दिवस चढेल तसा वाढणारा, स्नायू वापरला की येणारा आणि विश्रांतीनंतर ओसरणारा अशक्तपणा दिसला, तर मायस्थेनिया ग्रेव्हिसचा विचार करायलाच हवा. या आजारात घड्याळ हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपकरण आहे. निदानापासून जेवणाच्या वेळेपर्यंत ते पुन्हा पुन्हा लागतं.

आत काय बिघडतं ते थोडक्यात. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या मदतीने. स्नायूवर ते रसायन झेलणाऱ्या जागा असतात. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून त्याच जागांविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. जागा कमी उरल्या की पहिले काही निरोप पोचतात, नंतरचे पोचेनासे होतात. नस ठीक, मेंदू ठीक, स्नायूही मुळात ठीक. म्हणून मुंग्या येत नाहीत, बधिरपणा नसतो, स्मरणशक्तीला धक्का लागत नाही.

आपल्याकडे अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते ऐंशीच्या दशकात, अमिताभ बच्चन यांच्यामुळे. ते तेव्हा चाळिशीच्या आसपास होते, त्यामुळे हा तरुण किंवा मध्यम वयातला आजार असा समज राहून गेला. तरुणपणी तो बायकांमध्ये जास्त दिसतो हे खरं, पण पन्नाशीनंतर पुरुषांचं प्रमाण वाढतं आणि सत्तरीतही तो नव्याने सुरू होतो. दिलाशाची गोष्ट अशी की उशिरा सुरू झालेला हा आजार बहुतेकदा औषधांना चांगला प्रतिसाद देतो. अडचण असते ती तो ओळखला न जाण्याची, आणि सोबत चालू असलेल्या दहा औषधांची.

आधी घरी काय बघायचं

एक गोष्ट पहिल्यांदा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, एकाचे दोन दिसणं हे अचानक, काही मिनिटांत झालं असेल तर पुढचं काही वाचत बसू नका. तो लकवा धरून थेट मोठं हॉस्पिटल गाठा. पापणी पडली आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी दिसते किंवा डोकं प्रचंड दुखतंय, तरीही तेच. मायस्थेनियात बाहुलीला काही होत नाही.

त्रास हळूहळू, आठवड्यांमध्ये वाढत आला असेल तर मात्र चार-पाच दिवस शांतपणे निरीक्षण करा. साधी वही घ्या. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपताना: पापणी कुठपर्यंत पडली, एकाचे दोन दिसले का, ठसका लागला का, मान सावरता आली का. तिन्ही वेळी समोरून, सारख्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा. संध्याकाळच्या बोलण्याचा मिनिटभराचा व्हिडिओही करून ठेवा. डॉक्टरांची वेळ नेमकी सकाळी अकराची मिळते, तेव्हा माणूस ताजातवाना असतो आणि तपासणीत काहीच सापडत नाही. अशा वेळी तो व्हिडिओ दहा वाक्यांचं काम करतो.

एकाचे दोन दिसत असतील तर एक डोळा झाकायला सांगा. कोणताही एक डोळा झाकल्यावर दोनचा एक होत असेल, तर दोन डोळ्यांचं एकमेकांशी जुळत नाहीये. तिथे स्नायू किंवा नसांचा संशय घ्यायचा. एक डोळा झाकूनही दोनच दिसत असतील तर बहुतेकदा मोतीबिंदू किंवा डोळ्याचंच दुसरं काही असतं. एवढी साधी चाचणी न झाल्यामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि नंतरही दोन दिसतच राहतात.

पापणीसाठी दोन गोष्टी. मान स्थिर ठेवून वर, छताकडे मिनिटभर बघायला सांगा. मायस्थेनियात पापणी हळूहळू खाली सरकते. आणि बर्फ. फ्रीजमधले दोन-तीन खडे स्वच्छ रुमालात गुंडाळून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं हलके ठेवायचे, दाबायचे नाहीत. काढल्याबरोबर आधीच्या फोटोशी तुलना करायची. पापणी दोन मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर संशय पक्का होतो, कारण थंडीत नस-स्नायूंचा जोड जरा बरा चालतो. फरक पडला नाही म्हणून आजार नाही असं मात्र ठरवू नका. आणि पापणी पडलेलीच नसेल तर बर्फाचा काही उपयोग नाही. ग्रीक जहाजमालक अ‍ॅरिस्टॉटल ओनॅसिस यांना उतारवयात हाच आजार होता आणि पापण्या वर राहाव्यात म्हणून ते चिकटपट्टी लावत. माणूस किती श्रीमंत आहे याच्याशी पापणीला देणंघेणं नसतं.

आणखी काही खुणा ज्येष्ठांमध्ये हमखास निसटतात. हसताना ओठांचे कोपरे वर जात नाहीत, मग लग्नाच्या फोटोत आजी रागावल्यासारख्या दिसतात. गार चहा-पाणी नाकातून येतं. दोरीवर कपडे वाळत घालताना हात मध्येच खाली येतात. पाटावरून किंवा कमोडवरून उठायला दोन प्रयत्न लागतात. मान पुढे झुकते, टीव्ही बघताना कपाळाला हात लावून बसावं लागतं.

सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी हात टेकतो, म्हणून घरातल्यांना तो नाटक करतोय असं वाटतं. हे फार घरांत होतं आणि ज्याला होतंय त्याच्या मनाला फार लागतं.

डॉक्टर कोणते, तपासण्या कोणत्या

थेट न्यूरोलॉजिस्टकडे जा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाठवलं तर उत्तमच. जिल्ह्याच्या ठिकाणी न्यूरोलॉजिस्ट नसेल तर जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये विचारा.

पहिली तपासणी रक्ताची: अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टर (म्हणजे ते रसायन झेलणाऱ्या जागा) अँटिबॉडी. आजार अंगभर पसरलेला असेल तर सुमारे ८५ टक्के रुग्णांत ती सापडते. फक्त डोळ्यांपुरता असेल तर साधारण निम्म्या रुग्णांत. ती नसेल तर मस्क नावाची दुसरी अँटिबॉडी तपासतात. लॅबची ही तपासणी महाग असते, म्हणून एक लक्षात ठेवा: अँटिबॉडीचा आकडा किती मोठा यावरून आजार किती गंभीर हे ठरत नाही. दर तीन महिन्यांनी ती परत करून घेण्यात पैसे घालवू नका.

दुसरी, नसेला विजेचे हलके, सेकंदाला दोन-तीन असे ठोके देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजण्याची. पहिल्या ठोक्याच्या तुलनेत पुढच्या ठोक्यांचा प्रतिसाद १० टक्क्यांहून जास्त घसरला तर निदानाला बळ मिळतं. थोडं टोचतं, सहन होतं. मायस्थेनियाची गोळी आधीच सुरू असेल तर या तपासणीआधी ती किती तास बंद ठेवायची ते विचारून घ्या. मनाने बंद करू नका.

तिसरी, छातीचा सीटी स्कॅन. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. या आजाराच्या १० ते १५ टक्के रुग्णांत तिथे गाठ सापडते, तिला थायमोमा म्हणतात. ती असेल तर वय जास्त असलं तरी ऑपरेशनचा विचार होतो. गाठ नसताना ग्रंथी काढण्याचा फायदा २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसला होता, पण त्यात ६५ पर्यंतचेच रुग्ण होते. सत्तरीतल्या माणसाला गाठ नसताना ऑपरेशन सुचवलं तर दुसरं मत जरूर घ्या.

थायरॉईड तपासून घ्या, तो बिघाड सोबत असू शकतो. मेंदूचा एमआरआय बहुतेकदा नॉर्मल येतो. तो नॉर्मल आला म्हणजे काहीच झालेलं नाही असा अर्थ काढला जातो, आणि पुढचे सहा महिने व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर जातात.

पहिली गोळी आणि तिचं वेळापत्रक

पायरिडोस्टिग्मिन. साधी गोळी ६० मिलिग्रॅमची येते. ज्येष्ठांना बहुतेकदा अर्ध्या गोळीपासून, दिवसातून तीन-चार वेळा अशी सुरुवात करतात. ही गोळी आजार बरा करत नाही. आहे ते अ‍ॅसिटिलकोलिन जास्त वेळ टिकवते. घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात असर सुरू होतो आणि साधारण तीन-चार तास राहतो.

म्हणजे गोळीची वेळ जेवणावरून ठरवायची. साडेबाराला जेवत असतील तर गोळी पावणेबाराला, एखाद्या बिस्किटासोबत, म्हणजे पोटात मुरडा येणार नाही. जेवण गोळीच्या भरात होतं, चावणं-गिळणं सोपं जातं. ‘जेवणानंतर’ असा शिक्का मारलेल्या पिशवीत केमिस्टने दिली तर तो शिक्का डॉक्टरांना विचारून खोडा. मोबाइलवर अलार्म लावा. दोन तास उशीर झाला की फरक दिसतो.

पोटात कळा, जुलाब, लाळ, घाम, वारंवार लघवी हे या गोळीचे नेहमीचे त्रास. दमा, हृदयाचे ठोके मंद असणं किंवा हार्ट ब्लॉक, प्रोस्टेटमुळे लघवी अडकणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. अशक्तपणा वाटला म्हणून स्वतःहून जादा गोळी घ्यायची नाही. डोस फार झाला तर लाळ-घाम-जुलाबाबरोबर अशक्तपणाही वाढतो, आणि आजार वाढला की गोळी जास्त झाली हे घरी बसून ओळखता येत नाही. जास्त वेळ टिकणारी मोठी गोळी असेल तर ती कधीही तोडायची किंवा कुटायची नाही.

ही गोळी ओल धरते. कोकणात जूनपासून तर विशेष. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत ती आधी काढून न ठेवता मूळ पाकिटातच राहू द्या.

स्टिरॉइड: नावाला घाबरू नका, पण डोळे उघडे ठेवा

गोळीने भागलं नाही तर मूळ प्रतिकारशक्तीला आवर घालावा लागतो. त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. ते सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत अशक्तपणा उलट वाढू शकतो. हे आधी सांगितलं गेलं नाही की घरातले घाबरून औषध बंद करतात. म्हणूनच ज्येष्ठांना कमी डोसपासून हळूहळू चढवतात, आणि गिळण्याचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर सुरुवात हॉस्पिटलमध्ये करतात.

मधुमेह असेल तर इथेही घड्याळ बघा. सकाळी नाश्त्यानंतर घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची साखर छान दिसते आणि सगळे निर्धास्त राहतात. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. रक्तदाब, हाडांची घनता, डोळ्यांतला दाब यांवरही लक्ष हवं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बहुतेकदा सोबत देतात. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहिली तर गिळण्याचा त्रास असल्याचं आवर्जून सांगा; ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर तेही. आणि महिनोन् महिने चालू असलेलं स्टिरॉइड एकदम कधीच थांबवायचं नाही. गावाला जाताना जादा पट्टी बॅगेत टाका.

स्टिरॉइडचा डोस उतरवता यावा म्हणून अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध जोडतात. त्याचा गुण दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं, मध्येच ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. रक्तपेशी आणि लिव्हरची तपासणी ठरल्याप्रमाणे करावी लागते. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर ते अ‍ॅझाथायोप्रिनसोबत रक्तपेशी धोकादायक इतक्या घटवू शकतं. गाउट हा ज्येष्ठांचा नेहमीचा आजार, आणि ती गोळी बऱ्याचदा दुसऱ्याच डॉक्टरांनी लिहिलेली असते.

दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी

माझ्या मते घरच्यांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावं असा भाग हाच आहे. चाळिशीतल्या रुग्णाला एक डॉक्टर असतो. सत्तरीतल्याला हृदयाचा, डोळ्यांचा, हाडांचा, लघवीचा आणि कोपऱ्यावरचा असे पाच असतात. त्यांतल्या एकाच्या साध्या औषधाने मायस्थेनिया उसळू शकतो.

टाळायच्या औषधांची यादी अँटिबायोटिकपासून सुरू करा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन या कुळातली औषधं, अ‍ॅझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शनं. खोकला झाला की केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणण्याची आपल्याकडची सवय या घरात बंद. जुलाब झाले की ऑफ्लॉक्सॅसिनची जोडगोळी, तीही बंद. पावसाळ्यात ताप आला की मलेरिया समजून दिलेलं क्लोरोक्विन किंवा क्विनाइन, आणि सांधेदुखीसाठीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांतही धोका आहे.

रक्तदाबाच्या औषधांत मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर आणि व्हेरापामिल. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब कुणाच्या लक्षातच येत नाहीत, कारण थेंबाला घरात औषध म्हणतच नाहीत. ते डोळ्यांतून रक्तात जातात आणि श्वासापर्यंत परिणाम करू शकतात. शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम धोक्याचं. पोट साफ होण्याच्या मॅग्नेशियमच्या औषधाबद्दलही, विशेषतः किडनी कमजोर असेल तर, विचारून घ्या. झोपेच्या गोळ्या श्वास मंदावतात. बोटॉक्सचं इंजेक्शन वर्ज्य.

याचा अर्थ चालू असलेली हृदयाची गोळी आज रात्री बंद करा असा नाही. यांतली काही औषधं पर्याय नसेल तेव्हा देखरेखीखाली देतातही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनने काही थोड्या रुग्णांचा त्रास वाढतो, बहुतेकांना ते चालतं. यादी न्यूरोलॉजिस्टसमोर ठेवा आणि एकेक औषध विचारा.

कोणतंही ऑपरेशन, अगदी दात काढणं किंवा मोतीबिंदूसुद्धा, ठरलं की भूलतज्ज्ञांना आधी कळवा. स्नायू सैल करणारी भुलीची औषधं या रुग्णांत वेगळी वागतात. लसींचं म्हणाल तर दरवर्षीची फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेणं शहाणपणाचं; प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी मात्र टाळतात.

ताट आणि दिवस

मोठं जेवण सकाळ-दुपारकडे सरकवा, रात्रीचं हलकं ठेवा. भाकरी आमटीत किंवा दुधात चांगली कुस्करून, मऊ भात, मुगाची खिचडी, पातळसर पिठलं, घट्ट ताक, नाचणीची आंबील हे सोपं जातं. चिवडा, शेंगदाणे, कोरडे पोहे, पापड यांचे कण घशात राहतात. उपवासाची साबुदाण्याची खिचडी तर चिकट आणि गोळा होणारी, ती सोडाच. निर्जळी उपवासात गोळ्या चुकतात. देवाला भगर चालते, तीही मऊ शिजवून. निव्वळ पाण्यापेक्षा दाटसर पेय गिळायला सोपं असतं. वाफाळतं अन्न नको, कोमट बरं. ताठ बसून, हनुवटी किंचित खाली घेऊन, छोटे घास, मध्ये थांबायचं. जेवताना बोलायला लावू नका, टीव्ही बंद ठेवा. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

उन्हाने आणि कढत पाण्याने अशक्तपणा वाढतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये बँकेची, पेन्शनची कामं सकाळीच उरका आणि आंघोळ कोमट पाण्याने स्टूलवर बसून. फिरणं सकाळी, गोळीच्या भरात, दमायच्या आत थांबायचं. एकाचे दोन दिसत असतील तर चष्म्याच्या एका काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावून घ्या, आणि स्कूटरची चावी काही काळ दुसऱ्याकडे राहू द्या. जिन्याच्या कडेला पांढरी पट्टी मारली तर पायरी चुकत नाही.

श्वास: इथे वेळ दवडायची नाही

या आजाराच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत कधी ना कधी श्वासाचे स्नायू दमतात. छातीचा संसर्ग, ऑपरेशन, नवं औषध, चुकलेले डोस ही नेहमीची निमित्तं.

घरी करता येण्यासारखी एक मोजणी आहे. “अप्पा, खोल श्वास घ्या आणि एका दमात मोठ्याने मोजा बघू.” सेकंदाला दोन आकडे या वेगाने. एकोणतीस, एकोणचाळीस असे लांब आकडे जीभ अडवतात, म्हणून एक ते दहा परत परत मोजायला लावा आणि फेऱ्या तुम्ही धरा. निरोगी माणूस साधारण ५० पर्यंत जातो, वयाने थोडं कमी होतं. तब्येत चांगली असतानाचा आकडा वहीत लिहून ठेवा. तो भराभर घसरत असेल किंवा २० च्या आत आला असेल तर हॉस्पिटल.

आडवं झोपल्यावर दम लागणं, वाक्य तुटक येणं, खोकल्यात जोर नसणं, लाळ गिळता न येणं, मान न सावरणं: यांतलं काहीही नव्याने दिसलं तरी १०८ ला फोन करा. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या आजारात ९७ दाखवत असतानाच श्वासाचे स्नायू थकत आलेले असू शकतात. आकडा पडतो तो अगदी शेवटी. तोंडाने गोळी-पाणी पाजण्याचाही आग्रह नको, ते फुप्फुसात जातं.

हॉस्पिटलात आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून देणं) किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलण्याचे उपचार देतात. दोन्हींचा परिणाम काही दिवसांत दिसतो आणि काही आठवडे टिकतो. आयव्हीआयजीने ज्येष्ठांत रक्ताच्या गुठळ्या, किडनी आणि हृदयावर पाण्याचा भार हे धोके असतात, म्हणून किडनीचे जुने रिपोर्ट सोबत न्या. व्हेंटिलेटरचा शब्द निघाला की ‘या वयात कशाला हाल’ म्हणून घरचे मागे सरतात. इतर आजारांत तो प्रश्न रास्त असेल. इथे मात्र व्हेंटिलेटर स्नायूंना विसावा देण्यासाठी असतो आणि उपचार लागू पडले की बहुतेक जण त्यातून बाहेर येतात. निर्णय घेण्याआधी न्यूरोलॉजिस्टशी बोला.

खर्च मोठा असतो. २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यासाठीचं वय वंदना कार्ड आजारी पडण्याआधीच काढा. ते भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भरतीच्या वेळीच विचारा.

दाराजवळ एक फाइल टांगून ठेवा. पहिल्या पानावर ठळक अक्षरात आजाराचं नाव, तेही इंग्रजीत, कारण रात्री तीनला भेटणाऱ्या तरुण डॉक्टरला ते लगेच वाचता आलं पाहिजे. खाली चालू गोळ्या वेळेसह, टाळायच्या औषधांची यादी, न्यूरोलॉजिस्टचा नंबर, वजन, आणि वहीतला तो एका दमाचा आकडा.